ओखी, 2017: दर्यात असलेल्या होडीला इशारा कधी मिळाला?

2017 च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, अरबी समुद्रात 'ओखी' चक्रीवादळ घोंगावत असताना, देवगड बंदरात मालवणीपेक्षा मल्याळम आणि तमिळच जास्त कानावर पडत होती. 2 डिसेंबरला तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी आकडा जाहीर केला: केरळच्या 66 आणि तमिळनाडूच्या 2 अशा 68 नौका सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या आणि त्यांवर 952 मच्छीमार होते. तिरुवनंतपुरम ते देवगड अंतर सरळ रेषेत साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास भरतं. जिल्हा प्रशासनाने जेवणखाणाची आणि राहण्याची सोय केली, डिझेलची सोय झाली, वादळ निवळल्यावर ही मंडळी परत गेली.

त्याच दिवसांत तिकडे केरळच्या पुंथुरा, विळिंजम आणि तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यातल्या तूत्तूर-वल्लविळै पट्ट्यात घरची माणसं किनाऱ्यावर ताटकळत होती. डिसेंबरअखेर तेव्हाच्या संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत बेपत्ता मच्छीमारांचा आकडा 661 सांगितला: तमिळनाडूचे 400 आणि केरळचे 261. पुढे हा आकडा खाली आला, पण शेकडो माणसं गेली ती गेलीच.

'ओखी'वरची सगळी चर्चा तेव्हा एकाच प्रश्नाभोवती फिरली: इशारा वेळेवर आला की उशिरा? केरळ सरकार म्हणालं, वादळ झाल्याचं आम्हाला 30 नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता कळलं. हवामान खातं म्हणालं, आम्ही आदल्या दिवसापासून मच्छीमारांना जाऊ नका म्हणून सांगत होतो. माझ्या मते दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं आणि भांडण मुळात चुकीच्या प्रश्नावर होतं. वेळेवर म्हणजे कोणाच्या वेळेवर? बंदरात दोरखंडाने बांधलेल्या नौकेच्या, संध्याकाळी जाळी घेऊन निघालेल्या फायबरच्या होडीच्या, की आठ-दहा दिवसांपूर्वी बर्फ भरून निघालेल्या आणि किनाऱ्यापासून दोनशे मैलांवर गळाच्या दोऱ्या सोडून बसलेल्या मोठ्या नौकेच्या? इशारा एकच होता, पण या तिघींच्या दृष्टीने त्याचा अर्थ तीन प्रकारचा होता.

चोवीस तासांत काय झालं

29 नोव्हेंबरच्या सकाळी श्रीलंकेच्या आग्नेयेला, बंगालच्या उपसागराच्या नैऋत्य कोपऱ्यात डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीचा कमी दाबाचा टप्पा, तयार झालं. नोव्हेंबरअखेर तिकडे डिप्रेशन होणं ही बातमीच नव्हे. ईशान्य मोसमी पावसाचा हंगाम असतो, कमी दाबाचे पट्टे एकामागून एक येतात, श्रीलंका-तमिळनाडूला पाऊस देतात आणि अरबी समुद्रात उतरून बहुतेक वेळा विरून जातात. हे मात्र विरलं नाही. श्रीलंका ओलांडून ते 29 च्या रात्री कन्याकुमारीच्या दक्षिणेकडच्या समुद्रात आलं. हवामान खातं या भागाला कोमोरिन क्षेत्र म्हणतं. 30 च्या पहाटे डीप डिप्रेशन, त्याच दिवशी सकाळी चक्रीवादळ. तेव्हा त्याचा मध्य कन्याकुमारीपासून शंभर किलोमीटरच्याही आत होता. 1 डिसेंबरच्या पहाटे लक्षद्वीपजवळ तीव्र चक्रीवादळ, दुपारपर्यंत अतितीव्र. 2 तारखेला वारा ताशी दीडशे किलोमीटरच्या पलीकडे गेला.

हे टप्पे नुसते नावाचे नाहीत. आपल्याकडे सलग वारा 17 ते 27 नॉट असेल तर डिप्रेशन, 28 ते 33 असेल तर डीप डिप्रेशन, 34 पासून चक्रीवादळ, 48 पासून तीव्र आणि 64 पासून अतितीव्र, अशी हवामान खात्याची वर्गवारी आहे. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर. आता होडीच्या बाजूने हिशोब मांडा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की धडक चौपट होते. 30 च्या पहाटे 28 नॉटचा वारा 1 तारखेच्या दुपारी 64 च्या वर गेला, तेव्हा नौकेच्या केबिनवर येणारा जोर पाचपटीच्याही वर गेला होता, आणि हे सगळं दीड दिवसात. शिवाय लाट वाऱ्याच्या मागून वाढत जाते. वारा जितका वेळ आणि जितक्या लांब पाण्यावरून वाहील तितकी ती उंच होते आणि वारा पडला तरी लगेच बसत नाही.

इतकं खाली, विषुववृत्ताच्या सात-आठ अंशांवर, भरसमुद्र सोडून किनाऱ्याच्या एवढ्या जवळ आणि एवढ्या झपाट्याने वाढलेलं वादळ केरळच्या आठवणीत नव्हतं. पाच अंशांच्या आत तर वादळं सहसा होतच नाहीत, कारण वाऱ्याला पीळ देणारा पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम तिथे फार क्षीण असतो. केरळी मच्छीमाराच्या डोक्यात वादळ म्हणजे ओडिशा-आंध्रची भानगड. आपल्याकडे जोराचा पाऊस, उधाण, फार तर दोन दिवस बोट बांधून ठेवायची, एवढंच.

संध्याकाळी निघालेल्या होड्या

तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावरच्या छोट्या होड्यांची गोष्ट तुलनेने सरळ आहे. आउटबोर्ड इंजिनाच्या फायबर होड्या, तीन-चार माणसं, दुपारी किंवा संध्याकाळी निघायचं आणि सकाळी मासळी घेऊन परतायचं. 29 नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्या नेहमीप्रमाणे निघाल्या आणि रात्री उशिरा ते पहाटे, म्हणजे डिप्रेशन जिथे डीप डिप्रेशन होत होतं अगदी त्या वेळी, वाऱ्यात सापडल्या. अनेक होड्या उलटल्या. वाचलेल्यांपैकी कितीतरी जण उलट्या होडीच्या तळाला धरून तासन् तास पाण्यात होते.

यांच्याबाबतीत 29 च्या दुपारचा संदेश खरोखर जीव वाचवू शकला असता. तो निघाला होता, पण कशा शब्दांत? मच्छीमारांसाठीच्या सूचनेचा ठरावीक साचा असतो: अमुक किनाऱ्यालगत ताशी 45 ते 55 किलोमीटर वेगाचे सोसाट्याचे वारे, झोत 65 पर्यंत, समुद्र खवळलेला राहील, पुढचे इतके तास मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. आपल्या कोकणातही पावसाळ्याच्या आगेमागे हीच ओळ दर दोन-चार दिवसांनी मोबाईलवर येते. दहापैकी आठ वेळा ती येते आणि काही होत नाही. जाऊ नका म्हटलं की एका दिवसाची मजुरी गेली, ती भरून देणारं कोणी नाही. तेव्हा मच्छीमाराने ऐकलं नाही म्हणून त्याच्यावर खापर फोडणं सोपं असलं तरी ते मला पटत नाही. त्या दिवशीच्या संदेशात नेहमीपेक्षा वेगळं असं त्याला काय दिसलं असतं? 'चक्रीवादळ' हा शब्द त्यात नव्हता, कारण वादळ अजून झालंच नव्हतं.

खात्याच्या पद्धतीतला एक बारकावा इथे महत्त्वाचा आहे. पाच दिवसांपर्यंतचा मार्ग आणि वेग सांगणारा तपशीलवार अंदाज तेव्हा डीप डिप्रेशनच्या टप्प्यापासून दिला जाई. एरवी ही पद्धत ठीक होती, कारण डीप डिप्रेशन ते वादळ यात दिवस-दीड दिवस मिळतो. इथे मिळाले काही तास, तेही पहाटेचे.

आणि एक गोष्ट नकाशा पाहिल्यावरच कळते. उत्तर गोलार्धात वादळाभोवती वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. मध्य कन्याकुमारीच्या दक्षिणेला असताना तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर वारा पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणार. वादळ म्हणजे समुद्र अंगावर येणार ही आपली कल्पना. इथे उलट झालं: ज्यांचं इंजिन बंद पडलं त्या होड्या वाऱ्याने किनाऱ्यापासून दूर, वादळाच्या वाटेकडे ढकलल्या. जमिनीकडून वारा सुटला की किनाऱ्याजवळचं पाणी दबलेलं दिसतं. वाळूत उभं राहून पाहणाऱ्याला मैलभर बाहेर काय चाललंय याचा अंदाज येत नाही.

दोनशे मैलांवरच्या नौका

देवगडला लागलेल्या नौका या दुसऱ्या जातीच्या. तूत्तूर आणि आसपासच्या गावांतले मच्छीमार खोल समुद्रातल्या मासेमारीसाठी देशभर प्रसिद्ध आहेत. मुशी, मोठा सुरमई-कुपा हे त्यांचं काम. कोची, मुनंबम, बेपूर, मंगळूर अशा बंदरांतून निघायचं, दहा-बारा जणांचा ताफा, पंधरवडाभर किंवा त्याहून जास्त दिवस दर्यात, अरबी समुद्रात थेट महाराष्ट्र-गुजरातच्या समोरच्या पाण्यापर्यंत. शंभर वाव खोलीची सीमा यांच्यासाठी सीमा नाहीच.

अशा नौकेच्या तांडेलाच्या, म्हणजे नौका चालवणाऱ्या म्होरक्याच्या, जागी बसून पाहा. नौका किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांवर आहे. भरल्या नौकेचा वेग सात नॉट धरा. घरी यायला अठ्ठावीस-एकोणतीस तास लागतील, तेही समुद्र शांत असेल तर. समोरून लाट असेल तर चार नॉटही मिळत नाहीत, मग पन्नास तास. डिप्रेशनपासून चक्रीवादळापर्यंत 'ओखी'ने घेतले चोवीस तास. म्हणजे 29 च्या सकाळी, डिप्रेशन नकाशावर आलं त्या क्षणी या तांडेलाच्या हातात बिनचूक संदेश पडला असता आणि त्याने त्याच मिनिटाला दोऱ्या कापून नौका वळवली असती, तरी बंदर गाठायच्या आत वादळ झालेलंच असतं.

पण संदेश त्याच्या हातात पडणार कसा? मोबाईलचा टॉवर किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटरवर सुटतो. व्हीएचएफ रेडिओ नौका-ते-नौका पंधरा-वीस मैल जातो. त्यामुळे बातमी या नौकेवरून त्या नौकेवर अशी तोंडोतोंडी सरकते आणि मध्ये एक मोठी फट पडली की तिथेच थांबते. इस्रोने तटरक्षक दलासाठी बनवलेलं संकटसूचक यंत्र काही नौकांवर होतं, पण ते नौकेकडून उपग्रहाकडे हाक पाठवणारं. किनाऱ्याची हाक नौकेला ऐकवण्याची सोय त्यात नव्हती.

मोठ्या व्यापारी जहाजांची गोष्ट निराळी. तीनशे टनांच्या वरच्या आंतरराष्ट्रीय मालवाहू जहाजांना सुरक्षा संदेश घेणारी यंत्रणा बंधनकारक आहे. उत्तर हिंदी महासागरासाठी हवामानाचे सागरी इशारे देण्याची जबाबदारी भारताच्या हवामान खात्याकडे आहे, नौकानयनाच्या इशाऱ्यांचं काम डेहराडूनचं राष्ट्रीय जलमापन कार्यालय पाहतं, आणि हे इशारे उपग्रहावरून जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीत, छापून येतात. किनाऱ्यापासून दोन-अडीचशे मैलांच्या आत असाल तर नेव्हटेक्स नावाची रेडिओवरून छापील संदेश देणारी सेवा आहे. तिच्या भारतीय केंद्रांपैकी एक आपल्या वेंगुर्ल्याला आहे आणि एक कन्याकुमारी जिल्ह्यातल्या मुट्टमला, म्हणजे जिथली सर्वाधिक माणसं गेली त्याच किनाऱ्यावर. पण नेव्हटेक्सचा रिसीव्हर मासेमारी नौकेवर क्वचितच असतो, आणि संदेश येतो तो इंग्रजीत, अक्षांश-रेखांश आणि आखूड शब्दांत. कोलंबोला निघालेलं कंटेनर जहाज आणि त्याच्या शेजारून जाणारी वल्लविळैची नौका एकाच पाण्यात होत्या. एकाच्या ब्रिजवर कागद निघत होता आणि दुसरीवर काहीही नाही.

आता समजा, कागद मिळाला. त्यावर काय लिहिलेलं असतं? 'कोमोरिन क्षेत्र, आग्नेय अरबी समुद्र, लक्षद्वीप क्षेत्र' अशी नावं, ज्यांतलं एकेक क्षेत्र शेकडो किलोमीटर पसरलेलं. जनतेसाठी वारा ताशी किलोमीटरमध्ये, जहाजांसाठी नॉटमध्ये, तांडेलाच्या जीपीएसवर मात्र मैल आणि अंश. आणि शेवटी सल्ला: समुद्रात असलेल्यांनी किनाऱ्याला परतावं. कुठल्या किनाऱ्याला?

चालत्या वादळाला दोन बाजू असतात. उत्तर गोलार्धात त्याच्या वाटेकडे तोंड करून उभं राहिलं तर उजवा हात ही वाईट बाजू. तिथे वादळाच्या फिरण्याचा वारा आणि त्याच्या पुढे सरकण्याचा वेग एकमेकांत मिसळतात, आणि वारा नौकेला मागून ढकलत वादळाच्याच वाटेवर नेऊन सोडतो. डावी बाजू त्यामानाने सुसह्य. जुन्या जहाजी माणसांना हे पाठ असतं: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असेल. 'ओखी' आधी पश्चिम-वायव्येला, मग वायव्येला आणि नंतर उत्तर-ईशान्येला वळत गेला. म्हणजे केरळपासून गुजरातपर्यंतचा सगळा भारतीय किनारा आणि त्याच्यासमोरचं पाणी पूर्ण वेळ त्याच्या उजव्या हाताला होतं. कोचीच्या पश्चिमेला लक्षद्वीपच्या आसपास असलेल्या नौकेने 30 तारखेला आज्ञाधारकपणे 'घराकडे', म्हणजे आग्नेयेला तिरुवनंतपुरमकडे नाक वळवलं असतं, तर ती वादळाच्या तोंडात गेली असती.

देवगडला आलेल्यांनी काय विचार केला हे प्रत्येक नौकेचं वेगळं असणार. त्यांतल्या अनेक नौका मुळात गोवा-कोकणच्या समोरच मासेमारी करत होत्या आणि त्यांनी जवळची आडोशाची जागा गाठली. पण हवामानाच्या दृष्टीने पाहिलं तर उत्तरेकडे, वादळापासून लांब आणि किनाऱ्याच्या आडोशाला पळणं हा त्या दिवशीचा सर्वात शहाणा निर्णय होता. आणि देवगड त्यासाठी उत्तम: किल्ल्याचा डोंगर समुद्रात घुसलेला, त्याच्या आत खाडी, नैऋत्येचा मार डोंगर घेतो. आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या वादळात सापडलेलं तारू देवगडात शिरतं ते उगाच नाही. 'परत या' ऐवजी कोणी 'उत्तरेला सरका, देवगड-जयगडची खाडी गाठा' असं सांगितलं असतं, तर तो खरा सागरी इशारा झाला असता.

बावटा कोणासाठी?

आपल्याकडच्या इशारापद्धतीचा जन्म बंदरावर झाला आहे. बंदरावर लागणारे एक ते अकरा नंबरचे बावटे पाहा. एक नंबर म्हणजे दूर समुद्रात डिप्रेशन आहे, दोन म्हणजे दूर वादळ झालंय, तीन आणि चार म्हणजे बंदराला जोराच्या वाऱ्याचा किंवा वादळाचा धोका, पाच ते सात म्हणजे धोका, आठ ते दहा म्हणजे महाधोका, अकरा म्हणजे इशारा केंद्राशी संपर्कच तुटला. पद्धत देखणी आहे, पण बावटा दिसतो तो बंदरात असलेल्याला.

चक्रीवादळाच्या इशाऱ्याचे चार टप्पेही तसेच: किनाऱ्यावर वाईट हवा सुरू होण्याच्या 72 तास आधी पूर्वसूचना, 48 तास आधी सावधानतेचा इशारा, 24 तास आधी धोक्याचा इशारा आणि वादळ जमिनीवर येण्याआधी सुमारे 12 तास, ते जमिनीवर आल्यानंतर काय होईल याचा अंदाज. घड्याळ किनाऱ्यावरून लावलेलं आहे. ओडिशात याच पद्धतीने लाखो जीव वाचलेत, 2013 च्या फायलिनमध्ये ते जगाने पाहिलं, त्यामुळे पद्धतीला नावं ठेवायची नाहीत. पण 'ओखी' केरळच्या जमिनीवर आलाच नाही. तो किनाऱ्याला समांतर, समुद्रातून गेला, आणि माणसं मेली ती समुद्रात. शिवाय 72 आणि 48 तासांच्या पायऱ्यांना जागाच उरली नव्हती. डिप्रेशन तयार झालं तेव्हाच वाईट हवा चोवीस तासांवर होती.

कोकणात वेळ होता

आपल्याकडे तेच वादळ आलं ते तीन-चार दिवसांच्या पूर्वसूचनेनिशी, आणि फरक लगेच दिसला. नौका बंदरात होत्या, खाड्या भरलेल्या होत्या. मात्र 3 डिसेंबरला पौर्णिमा होती, तीही चंद्र पृथ्वीच्या जवळ असतानाची, म्हणजे उधाणाची भरती मोठी. त्यावर 'ओखी'ने शेकडो किलोमीटरवरून पाठवलेल्या लांब लाटा आल्या. वारा फारसा नाही, आणि रात्रीच्या भरतीला पाणी किनाऱ्यावर चढत गेलं. गोव्यात मोरजी-हरमल-केरी पट्ट्यात शॅकमध्ये पाणी शिरून खाटा, टेबलं, सामान वाहून गेलं. सिंधुदुर्गातही किनाऱ्यालगत ओढून ठेवलेल्या काही होड्यांना फटका बसला. वादळ तिथून कितीतरी लांब होतं. ज्यांनी फक्त वाऱ्याचा अंदाज वाचला त्यांना हे कळलं नाही. लाटांचा वेगळा इशारा हैदराबादचं राष्ट्रीय महासागर माहिती केंद्र, म्हणजे इन्कॉइस देतं, आणि लोक तो वाऱ्याच्या अंदाजाइतका मन लावून वाचत नाहीत.

5 डिसेंबरला मुंबई आणि शेजारच्या जिल्ह्यांत शाळांना सुट्टी दिली गेली. डिसेंबरात छत्र्या बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी महापरिनिर्वाण दिन, दादरला चैत्यभूमीवर राज्यभरातून आलेले लोक मैदानात उघड्यावर होते, त्यांची महापालिकेने शाळांमध्ये सोय केली. तोवर वादळाचा जोर ओसरला होता. उत्तरेकडचं तुलनेने थंड पाणी, वरच्या थरातला उलटा वारा आणि कोरडी हवा यांनी त्याला पोखरलं, आणि सुरत-डहाणूदरम्यान ते किनाऱ्याला लागलं ते नुसत्या कमी दाबाच्या क्षेत्राच्या रूपात. एवढा गाजावाजा आणि शेवटी पाऊसच, अशी कुजबुज तेव्हा मुंबईत झाली. मला त्यात काही वावगं वाटत नाही. सुट्टी वाया गेली, एवढंच. दक्षिणेत तीच खबरदारी घ्यायला तीन दिवस मिळाले असते तर कोणी कुरकुर केली नसती.

नंतर काय बदललं

2018 मध्ये तिरुवनंतपुरमला स्वतंत्र चक्रीवादळ इशारा केंद्र आलं. आधी केरळचं काम चेन्नईतून चाले. डिप्रेशन व्हायच्या आधीच, पुढच्या काही दिवसांत ते होण्याची शक्यता किती, हे हवामान खात्याच्या रोजच्या पत्रकात ठळकपणे येऊ लागलं. मला हा सगळ्यात मोलाचा बदल वाटतो, कारण दोनशे मैलांवरच्या नौकेला हवे असलेले तास फक्त इथूनच मिळू शकतात.

9 ऑक्टोबर 2019 ला जेमिनी हे यंत्र आलं. 'गगन' उपग्रह सेवेवरून इन्कॉइस आणि हवामान खात्याचे संदेश ते खोल समुद्रात पकडतं आणि ब्लूटूथने तांडेलाच्या मोबाईलवर प्रादेशिक भाषेत दाखवतं. टॉवर लागत नाही. पण तेही ऐकण्यापुरतंच, उत्तर देता येत नाही. 2024 च्या 30 ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते पालघरमध्ये नौका-संपर्क योजनेची सुरुवात झाली. किनारी राज्यांतल्या 1 लाख मासेमारी नौकांवर इस्रोने विकसित केलेले दुहेरी संपर्काचे ट्रान्सपॉन्डर बसवायचे, असा त्याचा आवाका. दुहेरी म्हणजे नौका कुठे आहे हे किनाऱ्याला कळणार आणि किनारा तिला नेमकं सांगू शकणार.

मधल्या काळात तौक्तेने दाखवून दिलं की संदेश पोचणं हा अर्धाच रस्ता आहे. मे 2021 मध्ये त्या वादळाचे इशारे कित्येक दिवस आधीपासून होते, बहुतेक मच्छीमार परतलेही. तरीही मुंबईच्या समोर समुद्रात नांगरलेला पी-305 हा बार्ज, म्हणजे सपाट तळाची मोठी नौका, 261 माणसांसह तिथेच राहिला, नांगर तुटून भरकटला आणि 17 मे रोजी बुडाला. तिथे इशारा होता, रेडिओ होता, कागदही होता.

ट्रान्सपॉन्डरचं खरं काम अजून पुढे आहे, आणि ते यंत्रापेक्षा मजकुराचं आहे. नौकेची जागा आता किनाऱ्याला दिसणार असेल, तर सगळ्या 'आग्नेय अरबी समुद्रा'ला एकच ओळ पाठवायचं कारण उरत नाही. या नौकेला, या अंशांवर, या वेगाने: अमुक तासांत वारा 34 नॉटच्या वर जाईल, वादळाचा मध्य तुमच्या नैऋत्येला, दक्षिणेला जाऊ नका, उत्तरेला इतके मैल सरका, जवळची आडोशाची खाडी अमुक. मालवणीत, तमिळमध्ये, मल्याळममध्ये. हिशोब संगणकाचा आहे आणि लागणारी सगळी माहिती खात्याकडे आजही असते. पूर्वी नौका कुठे आहे हेच माहीत नसल्यामुळे असा संदेश लिहिता येत नव्हता, ती अडचण जिथे जिथे ट्रान्सपॉन्डर बसेल तिथे तिथे संपते.